फुलीआधीचा फोन

"वैजूताई, ‘चिंचेखाली’ उघडा. आणि बाई शेजारी बसल्या असतील तर आधी त्यांना चहा करायला आत पाठवा."

रविवारी सकाळी नऊ वाजता यास्मिनचा फोन आला तो असा. मी म्हटलं, "पंचाहत्तर वर्षांच्या बाईला चहा करायला पाठवू? तुझ्याच बाई आहेत त्या. तुला छड्या कमी पडलेल्या दिसतात."

एरवी यास्मिन हसली असती. त्या दिवशी नुसतं म्हणाली, "उघडा तर खरं. मग बोलू."

यास्मिन मुजावर तेव्हा कोल्हापूरला बँकेत होती. शाळेत माझ्या मागे सहा वर्षं. आम्हा दोघींची ओळख झाली ती मात्र शाळेत नाही, ‘चिंचेखाली’वर. आमच्या सावरखिंडीच्या शाळेच्या आवारात एक जुनी चिंच होती, तिच्याखाली चार-पाच पिढ्यांनी डबे खाल्ले आणि भांडणं केली. ती चिंच रस्ता रुंद करताना गेली तेव्हा बॉस्टनला बसलेल्या हेरंब शितूतला एवढं वाईट वाटलं, की त्यानं तिच्या नावानं संकेतस्थळ काढलं. सावरखिंडीचे लोक जगात जिथं जिथं होते तिथून तिथं येऊन लिहू लागले. कुणी मसालेभात, कुणी शिक्षकांच्या नकला, कुणी देव आहे की नाही. २००७ साली आमचे अकराशे सदस्य होते, आणि त्यातले निम्मे एकमेकांवर रुसलेले होते.

या गावावर लक्ष ठेवायला हेरंबनं तीन राखणदार नेमले. तो स्वतः, यास्मिन आणि मी. मी साताऱ्यात एका कॉलेजच्या ग्रंथालयात होते, दिवसभर ‘शांतता राखा’च्या पाटीखाली बसत होते, त्यामुळे हे काम मला जमेल असं त्याला वाटलं. प्रत्येक धाग्यावर, म्हणजे एकेका विषयाच्या चर्चेवर, आम्हा तिघांनाच दिसेल अशी एक लाल फुली असायची. ती दाबली की धागा प्रतिसादांसकट कायमचा जायचा, परत आणायची सोयच नव्हती. सुरुवातीला हेरंबनं अशीच एक फुली मारली होती, कुरडयांच्या धाग्यावर. चर्चा कुरडयांवरून कुणाच्या तरी सासूवर गेली होती. धागा सुरू करणारे रिसबुड मास्तर तडक हेरंबच्या वडिलांच्या दारात जाऊन बसले आणि पाणीसुद्धा घेईनात. तेव्हापासून आमचा नियम ठरला. फुली मारायची तर तिघांपैकी दोघांची मतं हवीत, आणि त्याआधी धागा सुरू करणाऱ्याला फोन करायचा. त्याचं म्हणणं ऐकायचं आणि मगच हात लावायचा. हा फोन कुणालाच आवडायचा नाही. पण एक खरं, फोनवर माणूस ऐकला की दहातल्या सात फुल्या राहून जायच्या.

त्या आठवड्यात मी भलतीच खुशीत होते. पुढच्या रविवारी शाळेत आईचा सत्कार होता. माझी आई म्हणजे गद्रे बाई. सावरखिंडीत एकतीस वर्षं तिनं मराठी शिकवलं. ‘चिंचेखाली’वर ‘आपल्या बाई’ नावाचा धागा निघाला होता आणि त्यावर दोनशेच्या वर लोकांनी आठवणी लिहिल्या होत्या. आईला पडद्यावरचं दिसायचं नाही आणि मला कॉलेजची सुट्टी होती, म्हणून रोज दुपारी जेवण झालं की मी तिला वाचून दाखवायची. ती पावट्याच्या शेंगा सोलत ऐकायची, मधूनच म्हणायची, "हा कोण? मी याला एवढं सांगितलं होतं? बरं." मला त्या तासाभरात जे सुख मिळालं ते पुढे कशात मिळालं नाही. आईचं कौतुक मुलीनं आईला वाचून दाखवायचं, यापरतं काय हवं?

मी ‘चिंचेखाली’ उघडलं. सगळ्यात वर नवा धागा होता. ‘बाईंनी फाडलेला निबंध’. लिहिणारा हणमंत वायदंडे. रात्रीत त्यावर एकशे चाळीस प्रतिसाद आले होते.

ते लिखाण आता कुठंच नाही. पण मी ते इतक्या वेळा वाचलं की बरंचसं तसंच्या तसं सांगू शकते.

‘नववी ब, १९७४. बाईंनी निबंध दिला होता, माझे वडील. माझे वडील हलगी वाजवत. मी लिहिलं की मांडवामागे ते आधी पाचट पेटवतात आणि हलगी शेकतात. कातडं तापलं की बोटानं एकदा वाजवून बघतात आणि मग माझ्याकडे बघतात. मी मान हलवली की उठतात. गावाला वाटतं वरात नवरदेवासाठी थांबली आहे. वरात माझ्या मान हलवण्यासाठी थांबलेली असते, हे फक्त आम्हा दोघांना माहीत. मग सगळे जेवून उठल्यावर आम्हाला बोलावतात. तेव्हा वडील माझ्याकडे बघत नाहीत.

‘बाईंनी वही हातात घेऊन विचारलं, हे कुठून उतरवलंस? मी म्हणालो, मीच लिहिलं. त्यांनी परत विचारलं. मी परत तेच म्हणालो. मग त्यांनी पान फाडलं, चार तुकडे केले आणि टोपलीत टाकले. वर्ग हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.

‘त्यानंतर मी सगळे निबंध गाईडातून पाठ करून लिहिले. ते कुणी फाडले नाहीत.

‘पुढच्या रविवारी बाईंचा सत्कार आहे. झालाच पाहिजे. शुद्ध लिहायला त्यांनीच शिकवलं, ते आज कामाला आलं. पण एवढ्या आठवणी गोळा होतायत, त्यात हीही असू द्यावी, म्हणून लिहिलं.’

वाचून झाल्यावर मला पहिल्यांदा काय वाटलं असेल? त्या मुलाबद्दल वाईट नाही वाटलं. मला वाटलं, आईला हे कळता कामा नये. आणि पुढच्या रविवारच्या आत हे जायला हवं.

खालचे प्रतिसाद वाचले आणि माझ्या हाती आयतं कारणच आलं. कुणी लिहिलं होतं, तेहतीस वर्षं कुठं होतास? कुणी लिहिलं होतं, सत्काराचाच मुहूर्त बरा सापडला. मग जात आली. ती आल्यावर दोन्ही बाजूंनी असं काही लिहिलं गेलं की मी इथं ते पुन्हा लिहिणार नाही. मध्येच दोघातिघांनी आपापले फाटलेले कागद सांगितले होते, पण त्यांच्याकडे कुणी बघत नव्हतं. आणि एकशे एकोणिसावा प्रतिसाद होता, ‘हा वायदंडे नावाचा कुणी नाही. ही वाक्यं वाचा. हलगीवाल्याचा पोरगा असं लिहितो का? हा कोतवाल आहे.’

कोतवाल हे आमच्याकडचं जुनं दुखणं. पुण्यातले एक प्राध्यापक होते, या नावानं येऊन सगळ्यांशी भांडायचे. आम्ही त्यांना तीनदा बाहेर काढलं आणि ते तीनदा नवं नाव घेऊन आले. एकदा तर सुगरण गृहिणी बनून आले आणि चकल्यांच्या धाग्यात दोन महिने राहिले. लिहायचे मात्र झकास. तो प्रतिसाद वाचला आणि मला हायसं वाटलं. हे आजही कबूल करायला जड जातं, पण वाटलं खरं.

मी यास्मिनला फोन लावला. "कोतवाल आहे हा. फुली मारू."

"हेरंबदादाचंही तेच मत आहे," ती म्हणाली. "शिव्या पडतायत, उडवा म्हणतोय. माझं मत नाही. शिव्या काढू या एकेक करून, मी बसते दिवसभर. धागा राहू दे."

"म्हणजे मी म्हणेन ते होणार."

"हो. म्हणूनच सांगते, तुम्ही यातून बाजूला व्हा. तुमच्या आईचा विषय आहे."

"म्हणूनच मी बाजूला होणार नाही. माझ्या आईला मी ओळखते. निबंध फाडणारी नाही ती."

यास्मिन म्हणाली, "ताई, माझी वही बाईंनी कधी फाडली नाही. पण एकदा सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, ‘अरे वा, मुजावरांच्या घरात इतकं शुद्ध मराठी?’ कौतुकानंच म्हणाल्या. मीही खूश झाले होते. घरी जाऊन अब्बांना सांगितलं. अब्बा खूश झाले नाहीत."

"हे तू ‘आपल्या बाई’त का नाही लिहिलंस?"

"तिथं असलं कोण लिहितं?" ती म्हणाली. "फोन करा त्याला आधी. नियम आहे."

दुपारी जेवताना आईनं विचारलं, "आज काय लिहिलंय माझ्याबद्दल?"

"आज नेट बंद आहे," मी म्हटलं.

"बरं," ती म्हणाली, आणि शेंगांची परडी घेऊन आतल्या खोलीत गेली. खोटं पकडण्यात तिची हयात गेली होती. माझं तिनं पकडलं होतं की नव्हतं कुणास ठाऊक.

फोन बाहेरच्या खोलीत होता. सदस्य होताना प्रत्येकानं क्रमांक दिलेला असायचा. मी वायदंडेचा काढला तर तो इचलकरंजीचा निघाला. कोतवाल पुण्याचे, पण त्यांनी कुणाचाही क्रमांक दिला असता. मी ठरवलं होतं, दोन प्रश्नांत पकडायचं आणि पाच मिनिटांत फुली मारून मोकळं व्हायचं.

"हॅलो, हणमंत वायदंडे का? मी ‘चिंचेखाली’वरून वैजयंती सोमण बोलतेय."

"व्हय, बोला की मॅडम." मागे यंत्रांचा खडखडाट होता. "जरा थांबा हं, भाईर येतो. हितं काय ऐकू येत न्हाई."

खडखडाट लांब गेला.

"आज रविवारीपण कामावर?"

"सूतगिरणीत जॉबर हाय मी. मशिनी बंद पडल्या की आमचाच रविवार जातो. बोला."

पुण्याचा प्राध्यापक इतकं सोंग वठवणार नाही, हे माझ्या लक्षात आलं. माणूस खरा होता. पण त्यानं माझा संशय गेला नाही, उलट वाढला. हा असं बोलणारा माणूस आणि ते तसं लिखाण. दोन्हींचा मेळ बसेना. मला वाटलं, कुणीतरी लिहून दिलंय आणि याच्या नावावर खपवलंय.

"तुमच्या धाग्यावर फार वादावादी चाललीय," मी म्हटलं. "आमच्यात पद्धत आहे, काढून टाकायच्या आधी विचारतो."

"वाचलं मी. माझ्या आईवर पण लिवलंय एकानं."

"ते काढतोच आहोत. पण मला एक सांगा. हे तुम्हीच लिहिलंय का?"

लांबून यंत्रं ऐकू येत होती.

"नाही, म्हणजे रागावू नका," मी म्हटलं. "भाषा फारच चांगली आहे. कुणी लिहून दिलं का? एखाद्या ओळखीच्या प्राध्यापकानं वगैरे?"

"मीच लिवलंय."

"संपूर्ण?"

तेव्हा तो हसल्यासारखं वाटलं. "चार शनिवार लागलं मॅडम. सायबर कॅफेत बसून. एक एक अक्षर हुडकून. मीच लिवलं." मग आवाज जरा खाली आला. "बाईंनी बी हेच इचारलं होतं. दोनदा."

मी फोनची तार बोटाला गुंडाळत होते तशीच थांबले.

"तुमी मारा फुली," तो म्हणाला. "तुमचं काम हाय ते, माझी तक्रार न्हाई. या खेपेला कागदावर नक्कल काढून ठेवलीया मी. घरी ठेवलेली हाय, ट्रंकेत." मग म्हणाला, "ठेवू का? मशीन उभं हाय."

फोन ठेवल्यावर मी खुर्चीत बसून राहिले. कुणावर तरी रागवावंसं वाटत होतं, पण तिथं माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

"वैजू," आतून आईनं हाक मारली. "कुणाला विचारत होतीस गं, तुम्हीच लिहिलंय का म्हणून?"

मी आत गेले. आई खाटेवर बसली होती. शेंगा सोलून झाल्या होत्या.

"नेट बंद आहे ना?" ती म्हणाली.

मग मी सगळं सांगितलं. सांगून भागेना, तेव्हा छापून आणलं आणि वाचून दाखवलं. रोज वाचायची तशीच वाचायला बसले, पण आवाज काही तसा लागेना. ‘तेव्हा वडील माझ्याकडे बघत नाहीत’ इथं आल्यावर मला पुढं वाचता येईना. आईनं हातानंच पुढं वाच अशी खूण केली. मी पुढं वाचलं. पान फाडलं, चार तुकडे केले, टोपलीत टाकले.

"पहिला भाग परत वाच. हलगीचा."

मी परत वाचला.

"हे त्याचंच आहे," आई म्हणाली.

"कशावरून?"

"उतरवलेल्या निबंधात मुलगा स्वतः कुठं उभा आहे ते कधी कळत नाही. हा मांडवामागं उभा आहे. त्याला तिथून काय दिसतं तेवढंच लिहिलंय त्यानं."

"मग तेव्हा कसं नाही कळलं तुला?"

मला हे विचारायचं नव्हतं. तोंडातून निघून गेलं. आईनं परडीतली टरफलं हातानं सारखी केली.

"तेव्हा वहीवरचं नाव आधी वाचत असेन मी," ती म्हणाली. "आणि मग निबंध."

आयुष्यात आईचा मला इतका राग कधी आला नव्हता, आणि इतकी मायाही कधी आली नव्हती. मी विचारलं, "तुला आठवतो तो?"

"नाही."

"नीट आठव ना. उंच होता का, कुठं बसायचा..."

"नाही आठवत, वैजू. मी तेव्हा बरीच पानं फाडत होते. कडक बाई म्हणायचे मला, त्याचा अभिमान होता. त्यात हा एक असणार."

"मग खरं कशावरून धरायचं?" मी शेवटचा प्रयत्न केला. "तुला आठवत नाही, साक्षीदार कुणी नाही. उगाच तो धागा ठेवायचा, रविवारी सगळं गाव कुजबुजणार..."

"मला हे दोनशे जण म्हणतात ते तरी कुठं आठवतं?" आई म्हणाली. "कुणाची मी फी भरली म्हणे, कुणाच्या घरी जाऊन वडिलांना समजावलं म्हणे. मला त्यातलं काहीसुद्धा आठवत नाही. तू वाचतेस आणि मी बरं म्हणते. ते ठेवलंस ना सगळं? तिथं नाही साक्षीदार मागितलास."

राखणदार होऊन मला तीन वर्षं झाली होती. कुठला धागा ठेवावा आणि कुठला काढावा यावर मी हेरंबला पानं पानं पत्रं लिहिली होती. ती सगळी पाण्यात गेली.

मी उठले आणि यास्मिनला फोन केला. "माझं मत, राहू दे. शिव्या तेवढ्या काढ. जातीवरच्या आधी काढ, आणि त्या एकशे एकोणिसाव्याला मी स्वतः हात लावते."

"बाईंना कळलं?" तिनं विचारलं.

"कळलं."

"रागावल्या?"

"माझ्यावर," मी म्हटलं, आणि फोन ठेवला.

मागं वळून बघते तर आई दारात उभी. पदर नीट घेतलेला, चष्मा लावलेला. शाळेला निघायची तशी.

"फोन लावून दे त्याला," ती म्हणाली.

"आई, तो कामावर आहे. मशीन बंद पडलंय त्यांचं."

"मग मी थांबते."

ती खरंच थांबली. फोनजवळच्या खुर्चीत पाऊण तास ताठ बसून राहिली. चहा दिला तो घेतला, पण उठली नाही. पावणेपाचला मी पुन्हा क्रमांक फिरवला, पलीकडे ‘बोला’ ऐकू आलं, आणि मी फोन तिच्या हातात दिला.

"हणमंत वायदंडे का? मी गद्रे बाई बोलतेय."

तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तुझं लिहिलेलं मुलीनं वाचून दाखवलं मला," आई म्हणाली. "आधीच सांगते, मला तू आठवत नाहीस. खोटं कशाला सांगू? पण तू म्हणतोस ते मी केलं असणार. तसं करण्यासारखीच होते मी तेव्हा... नाही रे, वयाचं काय. चूक ती चूक. चुकले मी." एकतीस वर्षं तिच्या हाताखालून गेलेल्या कुणी हा शब्द तिच्या तोंडून ऐकला नसेल. मी तर नाहीच. "वडील आहेत का?... कधी?... त्यांना वाचून दाखवणार होतास? अरेरे."

मग ती म्हणाली, "पुढं काय होतं त्यात? तू जे लिहिलंयस ते थोडंच आहे. निबंध दीड पानाचा असायचा आपल्याकडे... आठवतंय तेवढं सांग. मी ऐकतेय."

आणि तिनं डोळे मिटले. तो काय सांगत होता ते मला ऐकू येत नव्हतं. आईचा चेहरा तेवढा दिसत होता. मध्येच ती एकदा हसली, एकदा "खरं आहे" म्हणाली. एरवी मुलं वाचताना ती हातातल्या पेन्सिलीनं टेबलावर टकटक करत राहायची. त्या दिवशी तिचा हात मांडीवर नुसता पडून होता. पंधरा-वीस मिनिटं झाली असतील. मला वाटलं, या दोघांच्या मध्ये मी उभं राहू नये. पण जायलाही जमेना.

पुढच्या रविवारी सत्कार झाला, शाल झाली, भाषणं झाली. ‘चिंचेखाली’ आणखी सहा-सात वर्षं चाललं. मग लोक व्हॉट्सॲपवर गेले आणि एके दिवशी हेरंबनं ते बंद केलं. आई त्याच्या आधी दोन वर्षं गेली. हल्ली शाळेच्या ग्रुपवर कुणी वेगळं काही लिहिलं की ॲडमिन झटक्यात काढून टाकतो. फोन कुणी करत नाही. मला त्या फोनांची फार आठवण येते. ते यंत्रांचे खडखडाट, मागं रडणारी मुलं, ‘जरा थांबा हं, कुकर बंद करते’ म्हणणारी माणसं. त्या सगळ्यांना आधी ऐकायची वेळ आमच्यावर यायची. पण आठवण कितीही काढली तरी माझं मन फिरून त्याच दुपारी येतं, कारण त्या दुपारचं एक काम अजून राहिलं होतं.

आईनं डोळे उघडले. "छान लिहिला होतास," ती फोनमध्ये म्हणाली. "फार छान होता. ये कधी घरी, मुलांना घेऊन." आणि मग तिनं फोन कानापासून काढून माझ्यापुढं धरला.

"घे," म्हणाली. "तुझंही आहे काहीतरी बोलायचं."

मी मान हलवून नको म्हटलं. तिनं हात मागं घेतला नाही. मी फोन घेतला.

"मी वैजयंती," मी म्हटलं. "मघाशी बोलले ती. तुमचा धागा राहतोय. आणि... मी बाईंची मुलगी. मघाशीच सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, चुकलं माझं."

"ते मला तवाच कळलं, ताई," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. दुपारी मॅडम होते, आता ताई झाले होते. "तुमी इचारलं न्हाई का, हे तुमीच लिवलंय का म्हणून? आवाज अगदी बाईंचाच. माझा हात आपसूक वहीवर गेला बघा, झाकायला. आणि वही कुठाय हितं?"